झाकण नसलेले पिंप

आमच्या भाटीखोलच्या काजूच्या भट्टीत खालच्या कोठारात गेलात की लाकडी पिंपांच्या रांगेत शेवटी एक पिंप दिसते. माणूस उभा मावेल एवढे मोठे, फणसाच्या लाकडाचे. त्याला झाकण नाही आणि त्यात कधी दारू भरत नाहीत. वर अंगणात कोकम घातलेले कॉकटेल पिऊन पाहुणे खाली येतात, तेव्हा याच पिंपाविषयी विचारतात.

ते रवळूने करवले, असे सांगतात. ही भट्टी त्याचीच. त्याची दारू चांगली, पण तिखट. लाकडात वर्षभर मुरली की ती मऊ होते, हे त्याने गोव्यात पाहिले होते. ग्रामदेवी माउलीच्या राईत एक जुना फणस होता. राईतली काटकीही तोडायची नाही, असा गावाचा नेम. म्हणून रवळूने देवीच्या मूर्तीला कळ्या चिकटवून कौल लावला. देवीने डावा दिला, म्हणजे नकार. त्याने पुन्हा लावला, पुन्हा डावा. तो उठलाच नाही. दिवस कलेपर्यंत लावत राहिला, तेव्हा कुठे उजवीकडची कळी पडली.

गुरव म्हणाला, "ह्यो कौल देवीन दिल्यान नाय रे. तुया काढून घेतलंस."

रवळूने फणस तोडला. पहिल्या वर्षीची दारू तांब्याच्या रंगाची निघाली आणि घाटावरचे व्यापारी बैल घेऊन दारात आले.

रवळूला एक धाकटा भाऊ होता, सगुण. अंगाने सडसडीत, स्वभावाने थट्टेखोर. देवळात गाऱ्हाणे घालताना सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो. सगुणला कुणीही हाक मारली तरी तो तशीच ओ द्यायचा आणि बायामाणसे हसायची. दुसऱ्या वर्षी पिंप रिकामे झाल्यावर ते आतून पुसायला सकाळीच तो उतरला. जुनी दारू न्यायला व्यापारी दारात खोळंबले होते. दुपारी रवळूने कोठारात येऊन हाक मारली, "सगुणा, झाला काय रे? भायर इलंस?"

"होय म्हाराजा," ओ आली.

सगुण बाहेर आला असे रवळूने धरले आणि आतल्या वाफेने डोळे चुरचुरतात म्हणून वाकून पाहिले नाही. त्याने झाकण ठोकले आणि वरच्या भोकातून नवी दारू ओतायला घेतली.

एवढ्यात सगुणची बायको आवडा पेज घेऊन आली. "भावोजीनू, पेज थंड जाता. तुमचो भाव खंय लपलो?"

"आताच ओ दिल्यान मा! मागल्यादारी आसतलो."

नवऱ्याचे नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती. आवडा मागल्या दारी जाऊन म्हणाली, "आयकलात काय?" मागे कुणीच नव्हते. ओ आली ती कोठारातून, ठोकलेल्या पिंपातून.

"होय म्हाराजा."

रवळूने कुऱ्हाडीने झाकण फोडले. सगुण तळाशी बसला होता. त्याचे अंग ताठ झाले होते, फडके अजून मुठीत होते. सकाळी उतरल्या उतरल्याच वाफेने गेला असावा, असे जाणत्यांनी सांगितले.

"मगे ओ कोणी दिल्यान?" रवळूने विचारले.

गुरवही तोवर धावत आला होता. तो राईच्या दिशेने बघत राहिला, म्हणे. रवळूने ती सगळी दारू राईत फणसाच्या उरलेल्या बुंध्यावर ओतली आणि शपथ घेतली, की या भट्टीत यापुढे नुसत्या आवाजावर झाकण बसणार नाही.

आजही काजूचा मोसम संपताना पिंप बंद करण्याआधी आम्ही सगळे भोवती उभे राहतो. मालक एकेकाचे नाव घेतात. ज्याचे नाव येईल त्याने काठावर हात ठेवायचा आणि 'होय म्हाराजा' म्हणायचे. हातांपेक्षा एक आवाज जास्त आला, तर त्या दिवशी झाकण ठोकत नाहीत. सगळ्यांनी मुकाट्याने वर निघून यायचे.

पाहुणे हसून विचारतात, असे कधी झाले आहे का? गेल्या मोसमात एक पिंप आठवडाभर उघडेच ठेवावे लागले.