आल्याचे काजू

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या अल्याड काजूच्या झाडांत बुडालेलं एक गाव होतं आणि त्या गावात द्वारका नावाची एक बाई राहत होती. नवरा लवकर गेलेला, पोटी एकच मुलगी. तिचं नाव शेवंती.

द्वारकेच्या हातचे साखरेच्या पाकात घोळवलेले काजू साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेले होते. तसे ते त्या गावात घरोघर व्हायचे, पण कुणाचे चिकट राहत, कुणाच्या काजूंवर साखरेचे खडे बसत. द्वारकेचे कधी बिघडले नाहीत. मंद निखाऱ्यावर ती काजूगर भाजून घ्यायची. मग साखरेचा पाक करायची आणि त्याचा एक थेंब वाटीतल्या पाण्यात सोडायची. थेंबाची मऊ गोळी झाली की कढई खाली उतरवायची, गर आत टाकायची आणि हात भरून आला तरी हलवत राहायची. बघता बघता साखर पांढरी व्हायची आणि एकेका गराला घट्ट चिकटून बसायची. देवीच्या जत्रेला नैवेद्याच्या ताटात पहिले काजू द्वारकेचे, हा तर रिवाजच होऊन गेला होता.

शेवंती लहानपणापासून आईच्या शेजारी बसून हे सगळं बघायची. कधीमधी कालथा हातात घ्यायची. पण चार वेळा हलवलं नाही तोच द्वारका म्हणायची, "दे इकडे. तुला नाही जमायचं."

द्वारका काही दुष्ट नव्हती. मुलीसाठी जीव टाकायची. तिला ताप आला तर उशाशी बसून राहायची. पण "छान केलंस" हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. तिच्या आईनं तिला कधी म्हटलं नव्हतं, सासूनं तर नाहीच नाही. तोंडावर कौतुक केलं की पोरं शेफारतात, असं ती ऐकत आली होती आणि तेच खरं मानून चालली होती. शेवंतीनं अंगण सारवलं तर कोपरा राहिलेला दिसायचा. भाकरी टम्म फुगली तर कड जाड निघायची.

पुढे शेवंतीचं लग्न झालं आणि ती नदीपलीकडच्या गावी नांदायला गेली.

दोन वर्षांनी, वैशाखात, ती माहेरी आली. होडीतून उतरून उन्हातान्हात चालत आली होती. घाम पुसायच्या आधी तिनं फडक्यात बांधलेला डबा आईपुढे ठेवला.

"काय गं हे?"

"काजू. मीच केलेत. खाऊन बघ ना."

द्वारकेनं एक काजू तोंडात टाकला. साखर कुडकुडली, मग भाजलेल्या गराची चव आली, आणि सगळ्यात शेवटी घशात एक हलकीशी ऊब उतरली. पोरीनं पाकात आल्याचा रस घातला होता. आजवर कुणाला सुचलं नव्हतं ते हिला सुचलं होतं. द्वारकेनं दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. असा काजू आपल्या हातून कधी उतरला नाही, हे तिच्या जिभेला कळून चुकलं.

शेवंती समोर उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

द्वारकेच्या ओठांवर "वा!" आलंही होतं. पण कुठून कोण जाणे, मनात काहीतरी आखडलं. इतकी वर्षं गाव आपलं नाव घेतंय. आता हिचं घेईल? तो शब्द तिनं गिळला आणि ती म्हणाली, "आलं कशाला घातलंस? आपल्यात नाही घालत. आणि साखर जरा जाड बसलीय."

"बरं," शेवंती म्हणाली आणि हातपाय धुवायला मागच्या दारी गेली.

तेवढ्यात शेजारची मंजुळा विरजण मागायला आली. समोर डबा उघडाच होता. तिनं सवयीनं एक काजू उचलला आणि जागच्या जागी थांबली. "अगं बाई! काकू, आज काय केलंत तुम्ही? आलं घातलंत का? इतक्या वर्षांत असे कधी खाल्ले नव्हते. हात बाकी तुमचाच हो!"

सांगायला एवढंच होतं, की माझे नव्हेत, पोरीचे आहेत. क्षणही लागला नसता. द्वारकेनं वळून पाहिलं. मागच्या दारात शेवंती हात पुसत उभी होती आणि आईकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती.

"आवडले ना?" द्वारका मंजुळेला म्हणाली. "घे आणखी."

शेवंती चार दिवस राहायला आली होती, ती दुसऱ्याच दिवशी निघाली. "सासूबाईंना एकटीला काम पडतं," म्हणाली. वाकून पाया पडली. द्वारकेनं तिच्या पदरात तांदूळ आणि नारळ घातला. डबा रिकामा करून परत द्यायला मात्र विसरली, आणि शेवंतीनंही तो मागितला नाही.

मंजुळेनं गावभर सांगितलं. जो तो येऊन म्हणू लागला, "काकू, यंदा जत्रेला आल्याचेच काजू करा." द्वारका हसून हो म्हणायची. एक दिवस दार लावून ती करायला बसली. आल्याचा रस पाकात पडला तशी साखर बसेचना, काजू ओलसर राहिले. दुसऱ्यांदा केले ते कडवट झाले. तिसऱ्यांदा तर सगळा घाणा फेकावा लागला. रस किती घालायचा, कधी घालायचा, पाकाआधी की नंतर, यातलं तिला काहीही ठाऊक नव्हतं. आणि जिला ठाऊक होतं, तिला आपण काय म्हणालो ते मात्र शब्दन् शब्द आठवत होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा तिला स्वतःची लाज वाटली. उठावं, होडीत बसावं, पोरीला जवळ घेऊन सांगावं, असं फार मनात आलं. पण आईनं मुलीपुढे आपली चूक कशी कबूल करायची? ती म्हणाली, "आता पाऊस तोंडावर आलाय. पावसाळा सरला की जाईन."

पाऊस लागला. नदीला पूर आला आणि होडी बंद झाली. श्रावण गेला. भाद्रपदात पाणी जरा ओसरलं तशी पलीकडून पहिली होडी आली. त्या होडीतून शेवंतीचा दीर उतरला. तो दारात आला, पण उंबरठा ओलांडेना.

"काकू," एवढंच म्हणाला आणि मान खाली घातली.

तीन दिवसांच्या तापात शेवंती गेली होती. जाऊन चार दिवस झाले होते. पुरामुळे निरोपसुद्धा पोचवता आला नव्हता.

द्वारका पलीकडे पोचली तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. विहीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. द्वारका त्यांच्याजवळ टेकली. मग तिनं विचारलं, "माझं काही नाव काढलं होतं का तिनं?"

"आई आली का, एवढंच विचारायची," विहीणबाई म्हणाल्या. "गुणाची होती हो पोर. ते काजू तुमच्याकडे आणायच्या आधी अकरा वेळा केले तिनं. बिघडले की आम्ही खायचो आणि हसायचो. म्हणायची, आईनं एकदा चांगले म्हटलं की मग सगळ्यांना वाटीन. तुमच्याकडून आली आणि कढई घासून माळ्यावर टाकली. मी म्हटलं, कर की गं पुन्हा, मलाही शिकव. तर म्हणाली, शिकवण्यासारखं काही नाही सासूबाई, मला नाही जमत."

द्वारकेचा धीर सुटला. "जमत होतं हो! माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं! असे काजू मी जन्मात केले नाहीत!"

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज कठोर नव्हता, पण त्यात मायाही नव्हती. "ते मला कशाला सांगता, विहीणबाई? मी खाल्ले होते ते."

जत्रेच्या दिवशी गावानं पाहिलं, द्वारका रिकाम्या हातांनी देवळात आली. लोकांनी काजूंची आठवण केली तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "ते आल्याचे काजू माझे नव्हते. माझ्या शेवंतीचे होते. मी खोटी वागले."

कुणी म्हणालं, "जाऊ द्या काकू, सांगितलंत ना, देवी पोटात घालील." मंजुळा मात्र जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, ती तेव्हा मागच्या दारात उभी होती. मी तिला पाहिलं होतं. अशी का बघतेय, ते मला कळलंच नाही."

"तुम्हाला मात्र तेव्हाच कळलं होतं," असं काही मंजुळा म्हणाली नाही. म्हणायची गरजही नव्हती.

त्यानंतर द्वारका बरीच वर्षं जगली. गावातल्या कुणा पोरीनं रांगोळी काढली, कुणी पहिली भाकरी थापली, की ती थांबायची आणि म्हणायची, "छान केलंस हो बाळ, फार छान केलंस." पोरी हरखून जायच्या. त्यांच्या आया म्हणायच्या, म्हातारी किती मायाळू झालीय! द्वारका पुढे चालू लागायची. दिवसाकाठी कितीदा तरी ती तो शब्द उच्चारायची, पण ज्या एका कानासाठी तो होता तिथं तो कधी पोचला नाही. मरेपर्यंत तिला शांती लाभली नाही.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाचं कौतुक ओठांवर आलं तर ते गिळू नये आणि दुसऱ्याचं श्रेय आपल्या पदरात घेऊ नये. पश्चात्ताप कितीही खरा असला, तरी गेलेल्या माणसाला तो ऐकू जात नाही.