उठलेला रूळ

"रूळ उठलाच कसा, बाबा? एकतीस वर्षं तुम्ही या लाईनीवर काढली, तुम्हीच सांगा, कसा उठला?"

सारंग भुयार दारातूनच ओरडत आत आला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं.

उकंडाजी खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कंत्राटदार चोर आहे! वेल्डिंगवाला त्याच्याहून चोर! परवा उद्घाटन, आणि बागेच्या मधोमध रूळ नागमोडी झालाय. फरशा फोडून वर आलाय, बाबा! माझी सात वर्षं..."

सात वर्षं खरी होती, ते नाकारून चालणार नाही. इथली छोटी रेल्वेगाडी बंद पडली आणि तिच्या रुळांच्या पट्ट्यावर बाभळी माजल्या. मग तिथे दुकानांचे गाळे काढायला निघालेले पुढारी आले. सारंग एकटा त्यांना नडला. अर्ज केले, उपोषण केलं, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. जागा बागेसाठी सोडवली आणि बागेचा आराखडाही स्वतःच काढला. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पंचाईत एवढीच, की तो तिथून उतरायचं विसरला.

आराखड्याआधी दोन वर्षं तो लाईन समजून घ्यायला उकंडाजींच्या मागे फिरला होता. उकंडाजी लाईनीवरचे जुने चावीवाले. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून पाच मैल पायी जायचं, रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायची, सैल असेल ती घट्ट करायची आणि पाच मैल परत यायचं. वस्ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून सारंगही; पण तो त्यांना गुरू मानायचा. बागेच्या फाटकाशी त्याने पितळी पाटी लावली होती, तिच्यावर उकंडाजींची वाक्यं कोरून घेतली होती.

कोरायला काय जातं!

उकंडाजींनी अडकित्ता खाली ठेवला. खुंटीचा हातोडा काढला.

"चाल."

"गाडी आणलीय, बाबा. बसा."

"पायी."

मे महिना, दुपारचे साडेबारा. डांबर चपलेला चिकटत होतं.

बाग उकंडाजींच्या घरामागेच होती, वीस पावलांवर. पण मधे भिंत. रेल्वेच्या काळापासून त्या भिंतीत एक खिंडार होतं. सगळी वस्ती त्यातून रूळ ओलांडून पलीकडे जायची. सारंगने ते विटांनी बुजवलं. वस्तीने विटा पाडल्या. त्याने पुन्हा बुजवलं, वस्तीने पुन्हा पाडलं. तिसऱ्या वेळी त्याने विटा सिमेंटात पक्क्या बसवल्या. आता बागेत जायला सव्वा मैलाचा वळसा होता, आणि बाग बांधणारा हा माणूस त्या रस्त्याने पहिल्यांदाच पायी चालत होता.

पुढे एक बाई चालली होती. वस्तीतलीच, पंचफुला. कडेवर तीन वर्षांची पोर, पोरीच्या डोक्यावर ओला पंचा.

"ताप हाये का पोरीले?" उकंडाजींनी विचारलं.

"कालपासून, बाबा. डोये नाई उघडून रायली. एक वाजता दवाखाना बंद होते..."

तिने सारंगकडे बघितलं.

"हे बागवाले भाऊ व्हय ना? लय बरं केलं, भाऊ. पहिले पाच मिनिटात दवाखान्यात जावो. आता पोरीले सारं गाव पाह्याले भेटते."

"ताई, भिंत सुरक्षेसाठी आहे. दारू पिणारे आत येतात, गुरं येतात..."

"मी दारू पेतो का?"

पंचफुला उत्तरासाठी थांबली नाही. ती पदर खोचून झपाझप पुढे गेली.

"यांच्यासाठी रक्त आटवायचं," सारंग धुमसत म्हणाला, "आणि यांना बागेची किंमत नाही. यांना उकिरडाच बरा होता!"

उकंडाजी थांबले. वळून त्यांनी सारंगकडे बघितलं, हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

मग पुन्हा चालायला लागले. पाऊणशे वर्षांचा म्हातारा, पण उरलेला रस्ता सारंगला त्याच्यामागे धावावं लागलं.

बाग मात्र देखणी झाली होती. खोटं कशाला बोला? कडुनिंब जागच्या जागी ठेवले होते, बाकं सावलीत होती. मधून जुने रूळ गेले होते, दोन्हीकडे लाल फरशी. आणि त्या फरशीतून रूळ हातभर बाहेर आला होता, वेडावाकडा. आजूबाजूच्या फरशांचे तुकडे पडले होते.

उकंडाजी वाकले. रुळाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग रुळाकडे बघत शंभरेक पावलं गेले. परत आले.

"फट कोठी हाये?"

"कुठली फट?"

"दोन पटऱ्यांच्या मधातली! दर जोडाले आमी फट ठेवली होती. तू पहिल्यांदा आला, त्याच दिवशी तुले दाखोली. बोट घालून पाह्यलं होतं तुनं!"

सारंग गडबडला.

"ती होय... ती वेल्डिंग करून बुजवली. बरी दिसत नव्हती, बाबा. मधेमधे तुटल्यासारखं वाटायचं. सलग रूळ कसा..."

ठण्ण! हातोडा रुळावर बसला. कडुनिंबावरचे पक्षी उडाले.

"लोखंडाले ऊन लागते, बे! ऊन लागलं का ते वाढते. वाढलं का त्याले जागा लागते. जागा नाई देली तं काय करन ते? तुह्या उद्घाटनाची वाट पाहीन?"

उकंडाजींनी हातोडा फरशीवर टेकवला.

"कंत्राटदार चोर, वेल्डिंगवाला चोर! माह्यं सारं बोलनं पितळेत कोरलं तुनं. येवढी फट तेवढी गियून टाकली!"

सारंग फुटक्या फरशीवरच बसला. सात वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं. चेहऱ्यावरचा राग उतरला, पण लाज तिथे येईपर्यंत थोडा वेळ गेला.

शेवटी त्याने खिशातून वही काढली. पेन काढलं.

"चुकलो, बाबा. आजच माणसं लावतो. जोड कापून घेतो. फक्त एवढं सांगा... फट किती ठेवू?"

उकंडाजी फाटकाच्या जाळीतून बाहेर बघत होते.

सारंगनेही बघितलं. रस्त्यापलीकडे दवाखाना. एक वाजून गेला होता, दाराला कुलूप. पायरीवर पंचफुला बसली होती. मांडीवरच्या पोरीला पदराने वारा घालत होती. पोर हलत नव्हती. कुणीतरी रिक्षा बघायला कोपऱ्याकडे धावलं होतं.

"बाबा..."

रिक्षा आली. पंचफुला पोरीला घेऊन आत बसली आणि रिक्षा मोठ्या दवाखान्याच्या दिशेने गेली. जाताना तिने बागेकडे वळूनही पाहिलं नाही.

उकंडाजी निघाले. 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी होती, तिच्या शेजारून हिरवळीवरूनच चालत गेले, थेट मागच्या भिंतीशी. जुन्या काळ्या दगडांत नव्या विटांचा चौकोन लांबूनही ओळखू येत होता. पलीकडून त्यांच्याच घरातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

सारंग मागोमाग आला. वही अजून हातात उघडीच होती.

उकंडाजींनी ती वही काढून घेतली. त्या जागी हातोडा दिला.

सारंगने हातोड्याकडे बघितलं, विटांकडे बघितलं.

"किती, बाबा? फट किती ठेवू?"

"कडेवर पोर घेऊन पंचफुला निंगली पाह्यजे," उकंडाजी म्हणाले, "येवढी."