बोरूवरची मूठ

"तात्या, त्या कुंदाला वर्गासाठी तुमचं नाव वापरायला बंदी करा. नाहीतर एकदाच सांगून टाका, तुमचा खरा शिष्य कोण? ती की मी?"

वाईच्या तात्या गुप्त्यांसमोर हेरंब तणतणत होता. तात्या जन्मभर मोडी लिपी शिकवत आलेले. हेरंब आणि कुंदा, दोघं त्यांच्याच हाताखाली बोरू धरायला शिकली आणि आता दोघंही ऑनलाइन वर्ग घेत होती.

"तुझं काय बिघडलं?" तात्यांनी विचारलं.

"माझ्याकडे दोन दोन कॅमेरे, झकास व्हिडिओ. तरी मुलं अर्ध्यातच पळतात! हिचा मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला, मधेच कुकरची शिट्टी. आणि जो तो म्हणतो, कुंदाताईंकडे शिकून समाधान झालं. कसलं डोंबलाचं समाधान?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला होता बापड्याचा.

"तिच्याकडे शिट्टी होते, हे तुला कसं ठाऊक?"



"तिच्या वर्गात खोट्या नावाने बसलो होतो," तो पुटपुटला. "चुका काढायला."

तात्यांनी दौत सरकवली, बोरू पुढे केला. "लिही."

हेरंबने आधी कागदभर आडवी रेघ ओढली, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत गेला. तात्या वाकून बघत राहिले. हा गडी पूर्वी लिहायला बसला की कागद फाटायचा. सोटा धरावा तसा बोरू धरी. तात्यांनी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, पण मूठ काही सैल झाली नाही. आज बोरू अलगद चालला होता.

"कुणी सोडवली ही मूठ?"

हेरंब बोरू पुसायला लागला.

"हेरंब, मी विचारतोय."

"तिनं. माझ्या कागदाचा फोटो बघून म्हणाली, दादा, कागदावर कुणाचा राग काढताय? अंगठा सैल सोडा. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, अंगठा दुखतोय का अजून? एवढ्या माणसांत तिनं लक्षात ठेवलं, तात्या! इतकं बरं वाटलं... आणि तेच मला सहन होत नाही."

तात्यांनी तो कागद उचलून वाळत ठेवला.

"वर्ग कितीला असतो तिचा?"

"सहाला."

"अजून बसतोस?"

हेरंबने मान खाली घातली. "रोज."

तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ऊठ मग. आणि आज स्वतःच्या नावाने बस."