सहावा दगड

नदीकाठच्या एका रानात एक भेकर राहत असे, आणि त्याचा कोणावरच विश्वास नव्हता. पान हलले की ते ओरडे. माकड शिंकले तरी ओरडे. शेवटी रानाने त्याच्याकडे लक्ष देणेच सोडून दिले. मग एके दिवशी खरोखरच बिबट्या आला. भेकर घसा फोडून ओरडले, पण कोणी मान वर केली नाही आणि एका हरणीचे पाडस गेले. "माझं ओरडणं ऐकत नाहीत ना? मग बिबट्याचं चित्रच काढून समोर ठेवीन," असे म्हणत भेकर म्हाताऱ्या साळूकडे, म्हणजे साळिंदरीकडे, गेले. वाळूवर चित्रे काढण्यात तिचा हात धरणारे रानात कोणी नव्हते.

साळूने आपला गळून पडलेला एक काटा त्याच्यापुढे टाकला. "हा धर तोंडात. पाण्यात ते दगड दिसतात ना, त्यांचं चित्र वाळूवर काढ. रोज सकाळी, एकवीस दिवस."

"आणि बिबट्या?"

"आधी दगड."

भेकराला वेगळाच वास आला. ही म्हातारी बिबट्याचे चित्र शिकवायचे टाळते आहे, की तिला तो काढताच येत नाही? एक डोळा साळूवर आणि एक झुडपावर ठेवून त्याने कसेबसे दगड काढले.

"दगड पाच आहेत. तू सहा काढलेस," साळू म्हणाली.

"तिकडे झुडूप हललं."

"हलू दे. पूस आणि पुन्हा काढ."

रोज हेच. त्यात एक कोल्हा येऊन कानाशी लागे. "भेकरभाऊ, राबवतेय ती तुला! माझ्याबरोबर टेकडीपलीकडे चल. तीन दिवसांत अख्खा बिबट्या शिकवतो, मिशांसकट." मुलांनो, असे कोल्हे प्रत्येक रानात असतात आणि त्यांच्यापुढे कायम गर्दी असते. भेकरानेही पाय उचलला होता. पण माझी सकाळ नदीवर जाते याची याला एवढी काळजी कशाला, हा संशय आडवा आला. ते थांबले, साळूवर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर तिची लबाडी पकडायची म्हणून. या दगडांत नक्की काहीतरी दडवलेले आहे, असे धरून ते प्रत्येक दगड निरखू लागले. कोणत्या दगडावर शेवाळ कुठवर चढले आहे, कोणाला चीर गेली आहे, खेकडा कोणाखाली राहतो, सगळे त्याला पाठ झाले. लबाडी काही सापडली नाही. झुडपाकडे बघायचे मात्र राहून जाऊ लागले.

एकविसाव्या सकाळी चित्रात पुन्हा सहा दगड आले. भेकर स्वतःवरच चिडले. त्याने वाळू पुसली, पुन्हा मोजून काढले. सहाच! त्याने वर पाहिले. पाडस गमावलेली तीच हरणी दुसऱ्या पाडसाला घेऊन पाण्यात उतरत होती. भेकर ओरडले.

"झालं याचं सुरू," हरणी म्हणाली. "आज कोण, बिबट्या का?"

"बिबट्या नाही! डावीकडून तिसरा दगड बघ. काल तिथे दगड नव्हता. बाकीच्या पाचांवर शेवाळ आहे, त्याच्यावर नाही!"

याच्या तोंडून इतके नेमके कोणी कधी ऐकले नव्हते. हरणीने पाहिले, आणि पाडसाला मागे ओढले. त्याच क्षणी तिसऱ्या दगडाने जबडा उघडला. मगरीचे दात नुसत्या पाण्यावर मिटले. पलीकडच्या काठावर उष्ट्याची वाट बघत बसलेला कोल्हा उठला आणि खाली मान घालून निघून गेला.

साळू म्हणाली, "झाले एकवीस दिवस. बिबट्या शिकायचा ना?"

भेकराने वाळू सपाट केली. "थांब आजी. आधी मगर कुठे गेली ते बघून काढू दे."

तात्पर्य : संशय कोणालाही घेता येतो, त्याला शिकावे लागत नाही. समोरची एकच गोष्ट रोज मन लावून बघायची शिस्त अंगी बाणवा. मग हातही सुधारतो आणि तुमच्या ओरडण्यावर लोक विश्वासही ठेवतात.