आयता ढीग

फार पूर्वी दाट रानाला खेटून एक गाव वसलं होतं. रानावर नजर ठेवायला गावानं एक राखणदार नेमला होता. त्याचं काम एकच. माकड मेलेलं दिसलं की वेशीवर येऊन ढोल बडवायचा.

ढोल वाजला की गावाला सुतक. देऊळ बंद, रानाची वाटही बंद. मग गावची म्हातारी वैदीण गोचिडी चढू नयेत म्हणून अंगाला करंजाचं तेल चोपडून एकटीच रानात जायची, माकड कशानं मेलं ते बघून यायची. ती म्हणेल तेव्हाच सुतक फिटायचं. माकडांची साथ माणसांत येते, हे पूर्वजांनी सोसून शिकलेलं होतं, म्हणून ही रीत. नातवंडांच्या सुतक तेवढं लक्षात राहिलं, त्यामागचं कारण ती विसरून गेली.

एका वर्षी जत्रा तोंडावर आलेली, आणि राखणदाराला आंब्याखाली माकड मरून पडलेलं दिसलं. अंगावर जखम नव्हती. तो धावत पाटलाकडे गेला.

पाटील खेकसला, "अरे, पाळणे उभे राहिलेत, हलवायांच्या भट्ट्या पेटल्यात, आणि तू सुतक घेऊन आलास? म्हातारं असेल, मेलं."

"पाटील, पिल्लू आहे हो ते."

"मग पडलं असेल झाडावरून. आणि ऐक, यंदाचा मानाचा फेटा कुणाला, ते अजून ठरायचंय."

राखणदार काय ते समजला. त्यानं माकडावर पाचोळा लोटला. दुसऱ्या दिवशी आणखी माकडं मेली. तीही काठीनं ढकलत त्यानं तिथंच नेली आणि वर भरपूर पाचोळा ओढला. ढोल खुंटीवरच राहिला.

जत्रा दणक्यात झाली. नवा फेटा मिरवत राखणदार घरी आला, तर गोठ्यात त्याची लेक पाचोळ्याची पाटी रिकामी करत होती. जत्रा उरकली की गावच्या बायका गुरांखाली अंथरायला रानातून पाचोळा आणत. ढोल वाजला नव्हता, म्हणून सगळ्याच गेल्या होत्या.

लेक हसत म्हणाली, "बाबा, यंदा हिंडावंच लागलं नाही. आंब्याखाली आयता ढीग होता. वरवरचा आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला."

तिच्या दंडावर बारीक गोचिडी चालत होत्या. बापानं त्या झटकल्या. आता तरी बोलायचं! पण डोक्यावर फेटा होता. मेल्यानं तोंड उघडलं नाही.

लेक तापानं फणफणली, तेव्हा तो वैदिणीचे पाय धरायला गेला.

तिनं विचारलं, "रानात माकडं मेली होती का रे?"

"हो."

"मग ढोल?"

"खुंटीवरच राहिला."

वैदीण म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस, तर वाट बंद केली असती. आलेल्या तापावर माझ्याकडे औषध नाही."

लेक गेली. स्मशानातून परतताना त्यानं फेटा फेकला, ढोल गळ्यात अडकवला आणि वेशीवर उभा राहून वेड्यासारखा बडवू लागला.

कुणीच धावत आलं नाही. शेजारची एक सासू तेवढी दारात आली. तिची सून आत तापानं कण्हत होती.

ती म्हणाली, "आता कशाला वाजवतोस, बाबा? सुतक घरोघर पोचलंय."

तात्पर्य: रानातलं मरण गावासाठी निरोप घेऊन येतं. निरोप्याला पाचोळ्याखाली दडपणाऱ्याला तो निरोप आपल्याच गोठ्यात ऐकावा लागतो.