नव्या गुरूची कपाळावरची आठी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथल्या वैद्यबुवांचं नाव ऐकून दूरदूरची मुलं त्यांच्याकडे वैद्यकी शिकायला येत. पुढे रोगीही वाढले आणि मुलंही वाढली. मग बुवांनी आपल्या थोरल्या शिष्याला, भार्गवला बोलावलं.

"सकाळी तू माझ्यापाशी शिकायचंस आणि दुपारी नव्या मुलांना शिकवायचंस."

भार्गवला आनंद झाला, पण धास्तीही वाटली. आपण अजून अर्धे कच्चे, हे मुलांना कळलं तर ती आपल्याला काय मोजणार? म्हणून तो बुवांसारखा घसा खाकरून, खर्जात बोलू लागला. मुलांनी काही विचारलं की त्याच्या कपाळाला आठी पडे.

एके दिवशी येसू नावाच्या मुलाने विचारलं, "दादा, या दोन वेली अगदी सारख्याच दिसतात. खोकल्याच्या औषधाची कोणती ते ओळखायचं कसं?"

भार्गवला ते ठाऊक नव्हतं. सगळी मुलं त्याच्याकडे बघत होती.

"वासावरून," तो ठसक्यात म्हणाला. "उग्र वासाची ती औषधाची. एवढंही समजत नाही?"

येसू खाली बसला. त्यानंतर कुणीच काही विचारेना. वर्ग कसा चिडीचूप! मुलं आपला मान ठेवतात, असं भार्गवला वाटलं.

काही दिवसांनी येसूला खोकला झाला. त्याने स्वतःच त्या उग्र वासाच्या वेलीची पानं खुडून आणली, काढा उकळला आणि प्यायला. घटकाभरात तो ओकाऱ्या काढत अंगणात आडवा पडला.

बुवा धावत आले. त्यांनी उतारा पाजला, पाय चोळले. येसूने डोळे उघडले तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

"ही पानं तुला कुणी सांगितली रे?"

भार्गव दाराशीच उभा होता. येसूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात म्हणाला, "कुणी नाही, बुवा. माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

बुवांनी मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटत होतं. भार्गवने फक्त गप्प राहायचं होतं. पण त्या पोराचे कोरडे ओठ त्याला बघवेनात.

"त्याने नीटच ऐकलं, बुवा," तो म्हणाला. "मीच चुकीचं सांगितलं. मला ठाऊक नव्हतं."

बुवांनी येसूच्या अंगावर पांघरूण घातलं. मग म्हणाले, "मला सांगितलंस. आता त्यांनाही सांग."

दुसऱ्या दिवशी भार्गव वर्गात गेला. मुलं हसणार, अशी त्याने खूणगाठच बांधली होती. त्याने सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

"तुम्हालाही शंका येत असतील, मग विचारत का नाही?" त्याने विचारलं.

एक मुलगी चाचरत म्हणाली, "विचारलं की तुम्ही रागावता, दादा. मला तर मागच्या महिन्यापासूनच काही कळत नाहीये."

"मलाही नाही," मागून कुणीतरी म्हणालं. मग एकेक करून सगळेच बोलू लागले. भार्गव त्यांच्यात मांडी घालून बसला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा त्याला उमगलं, ती शांतता मानाची नव्हती, भीतीची होती.

थोड्या वेळाने त्या मुलीने विचारलं, "ताप उतरला तरी माणसाला भूक का लागत नाही?"

भार्गव हसला. "मलाही ठाऊक नाही! चला, विचारू या."

सगळा घोळका वैद्यबुवांच्या ओसरीवर गेला. बुवांनी प्रश्न ऐकला, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "मलाही नीटसं ठाऊक नाही. बसा सगळे. शोधू या."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: शिकवणाऱ्याला सगळं यायलाच हवं असं नाही, पण त्याच्यापुढे 'मला कळलं नाही' म्हणायला शिकणाऱ्याला भीती वाटता कामा नये.