सातव्या महिन्यातले लाडू

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आईशपथ. म्हणजे मी तिथं नव्हतो. आईही नव्हती. एका घोड्यानं सांगितली, आणि तो जरा वाढवून सांगायचा.

तर फार फार वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथं नव्या सुनेनं सगळ्यात शेवटी जेवायचं, असा रिवाज होता. आधी राजा, मग राजपुत्र, मग पाहुणे, मग राजाचा पोपट. सुनेला उरायची पातेल्याची खरवड. सातव्या महिन्यात डोहाळजेवण मात्र असं, की लाडू हत्तीवरून यायचे.

आणि त्या घराण्यातला प्रत्येक राजपुत्र तिशीतच जिना चढताना तीनदा बसायचा. वैद्य म्हणायचे, "जिना उंच आहे." राजानं जिना पाडून बुटका बांधला. मग अजून बुटका. शेवटी वरचा मजलाच पाडला.

धाकटी सून नवी होती. तिनं सुईणीला विचारलं, "मावशी, माझंही बाळ असंच धापा टाकणार?"

"पोरी, पोटात एक गवंडी असतो," सुईण म्हणाली. "बाळ राहिलं रे राहिलं, की तो त्याची चूल बांधायला घेतो. वरून खरवड आली, की त्याला वाटतं बाहेर दुष्काळ आहे. मग चूल करतो वीतभर आणि कोठार हे एवढं! पुढं खाल्लेलं नीट जळत नाही, नुसतं साठतं."

"पण ते लाडू?"

"तोवर गवंडी काम उरकून घरी गेलेला असतो!"

दुसऱ्या दिवशी सून पहिल्या पंगतीत, राजाशेजारच्या पाटावर जाऊन बसली.

राजा म्हणाला, "सूनबाई, अजून दिवसही गेले नाहीत. एवढी घाई कसली?"

"मामंजी, गवंडी यायच्या आधी विटा आलेल्या बऱ्या. भाजी वाढा."

"उठा! नाहीतर आत्ता माहेरी पाठवतो."

"पाठवा. जेवून जाईन." तिनं दुसरी भाकरी घेतली.

राजानं रथ जोडायला सांगितला. घोडे आले आणि तिच्या पाटामागं ओळीनं उभे राहिले. म्हातारा घोडा म्हणाला, "महाराज, तुमच्या राजपुत्रांना पलंगापासून पाटापर्यंत आम्हीच पोचवतो. हिला जेवू द्या. आमच्या पाठीचा प्रश्न आहे."

राजाकडे दुसरं वाहन नव्हतं. हत्ती थोरल्या सुनेच्या डोहाळजेवणाचे लाडू आणायला गेला होता.

सून रोज पहिल्या पंगतीत जेवली. दीड वर्षानं मुलगी झाली. सात वर्षांची झाली तेव्हा ती गावची टेकडी पळत चढली आणि वरून ओरडली, "आजोबा, आपल्या वाड्याचा वरचा मजला कुठं गेला हो?"

राजा पायथ्याशी धापा टाकत होता. त्यानं तिथंच रिवाज मोडला. मजला पुन्हा बांधावा लागला.

बोध: बाळ धडधाकट हवं असेल, तर दिवस जायच्या आधीपासून आईला पोटभर वाढा.

ऐकलीत ना फुकटात? मग आता मोबदला टाका. मला काही नको. तुमच्या घरात जी शेवटी जेवते, तिला आज पहिलं ताट वाढा. बघायला घोडा पाठवतोय.